सुटायची वेळ एक, अंतर ज्याचं त्याचं

कोल्हापुरातल्या एका २५ मीटरच्या तलावावर सकाळी पावणेसहा ते सात अशी पोहण्याची बॅच चालते. सोमवार, बुधवार आणि शनिवार. जानेवारी ते मार्च असे बारा आठवडे मी ती केली. फी महिना २,४०० रुपये, तलावाचा पास वेगळा. बॅचचं नाव देत नाही, कारण सोळाच जागा आहेत, सगळ्या भरलेल्या आहेत आणि आणखी फोन नकोत असं सरांनी सांगितलंय. तरी लिहायला बसले, कारण इथे जे बघितलं ते दुसऱ्या कुठल्याही गावच्या तलावावर मागून घेता येण्यासारखं आहे. पोहायला जाणाऱ्याने काय मागावं हेच मला इतकी वर्षं माहीत नव्हतं.

मी सत्तेचाळीस वर्षांची, माध्यमिक शाळेत गणित शिकवते. पोहायला शिकले माहेरच्या विहिरीत, पाठीला डबा बांधून, आजोबांच्या देखरेखीखाली. विहिरीत बुडायचं नाही एवढंच शिकवतात. किती वेळात कुठे पोचलो हे कुणी विचारत नाही. तलावावर आले तेव्हा चाळिशी उलटली होती आणि तोवर घड्याळ लावून एक लॅपसुद्धा, म्हणजे तलावाची एक लांबीसुद्धा, मारलेला नव्हता.

या आधी एका दुसऱ्या तलावावर सहा महिने काढले. तिथे फळ्यावर रोज एकच ओळ असायची: १० × १००, दोन मिनिटांवर. म्हणजे दर दोन मिनिटांनी सुटायचं आणि शंभर मीटर मारायचे. ज्याला दीड मिनिट लागतं त्याला तीस सेकंद विश्रांती. मला लागायची दोन मिनिटं वीस सेकंद. मी भिंतीला हात लावायच्या आधीच पुढचा शंभर सुरू झालेला असायचा. सगळ्यांत जास्त दम लागलेल्या माणसाला विश्रांती शून्य, आणि वेगवान मुलं कठड्याला रेलून गप्पा मारत उभी. "जमेल तेवढं करा" असं तिथले प्रशिक्षक प्रेमानेच म्हणायचे, पण जमेल तेवढं म्हणजे किती, हे कधी ठरलं नाही. दहापैकी सात व्हायचे, सातही वेडेवाकडे. शेवटी मी जाणं सोडलं.

इथे पहिल्या आठवड्यात सेट, म्हणजे असा ठरावीक अंतराचा नि वेळेचा सराव, नव्हताच, चाचणी होती. सोमवारी ४०० मीटर पूर्ण जोर लावून, बुधवारी २०० मीटर. माझे ४०० झाले ९ मिनिटं १२ सेकंदांत, २०० झाले ४ मिनिटं २० सेकंदांत. सरांनी वहीत वजाबाकी केली: ४ मिनिटं ५२ सेकंद. हा जादाच्या दोनशे मीटरचा वेळ. त्याचा निम्मा म्हणजे २ मिनिटं २६ सेकंद, आणि हा माझा शंभर मीटरचा टिकाऊ वेग. जगभर जलतरणात ही वजाबाकी वापरतात. हिशोब पाचवीच्या मुलालाही येईल, पण तो माझ्या अंगाच्या आकड्यांवर केलेला बघून मला भरून आलं. पहिल्यांदाच कुणीतरी मला "हळू" न म्हणता "दोन सव्वीस" म्हटलं होतं.

आता बॅचमधली माणसं सांगते, म्हणजे अडचण कळेल. आठवीतली एक मुलगी आहे, राज्य स्पर्धेची तयारी करते. तिचा टिकाऊ वेग १ मिनिट २० सेकंद. एक दाताचे डॉक्टर आहेत, गोव्याच्या आयर्नमॅन ७०.३ साठी (पोहणं, सायकल आणि धावणं सलग करायची स्पर्धा) मिरामारच्या समुद्रात १.९ किलोमीटर पोहायचंय म्हणून आलेले. त्यांचा १ मिनिट ४५. एसटीतून निवृत्त झालेले बासष्ट वर्षांचे काका आहेत. त्यांना फक्त ब्रेस्ट स्ट्रोक येतो आणि मास्टर्स, म्हणजे प्रौढांच्या, स्पर्धेत ५० मीटर पोहायचंय. आणि मी. माझं ध्येय २०० मीटर फ्रीस्टाइल, चार मिनिटांत. बाकीचे बाराजण या चौघांच्या अधेमधे कुठेतरी. एवढ्या लोकांना तीन लेन.

सरांचा मुख्य सेट असा. दर मिनिटाला शिट्टी. ती सगळ्यांना एकच. त्या शिट्टीवर कोण किती मारणार हे मात्र आपापलं. मला चार मिनिटांत दोनशे हवेत, म्हणजे २५ मीटरला ३० सेकंद. तेव्हा मी प्रत्येक शिट्टीला २५ मारायचे, तेही ३० सेकंदांतच, मग ३० सेकंद थांबायचं. मुलीने त्याच शिट्टीला ५० मारायचे, ३४ सेकंदांत, तिला विश्रांती २६. डॉक्टरांना लांब पल्ला गाठायचाय, म्हणून त्यांनी १०० मारायचे १ मिनिट ४८ मध्ये आणि एक शिट्टी सोडून दुसरीला सुटायचं. त्यांना विश्रांती जेमतेम बारा सेकंद, कारण मिरामारला मध्ये थांबायला कठडा नाही. काकांनी २५ ब्रेस्ट स्ट्रोक ३१ सेकंदांत, पण तेही एक शिट्टी सोडून, वय बघून. असा वीस मिनिटांचा सेट. मी वर्गात लसावि शिकवते तेव्हा मुलं विचारतात, याचा उपयोग काय? आता त्यांना हा तलाव सांगते. दर दुसऱ्या शिट्टीला सगळी बॅच एकदम पाण्यात सुटते आणि त्या क्षणी कोण हळू नि कोण जलद, काही फरक उरत नाही.

आणि यातला प्रत्येक लॅप शर्यतीच्या वेगाचा. पूर्वी मी तासभर पोहायचे तो वेग कुठल्याच शर्यतीचा नसायचा. शर्यतीत लागणारा हाताचा ठेका, श्वासाची वेळ, पायाचा जोर, हे सगळं त्या वेगालाच अंगवळणी पडतं. सावकाश दोन किलोमीटर पोहून ते येत नाही. सर हे फार साधं सांगतात: "मॅडम, स्पर्धेत ज्या चालीनं पोहायचं त्याच चालीनं इथं पोहा. थोडं पोहा, पण तसंच पोहा."

हुकलं तर काय, याचाही नियम आहे आणि मला तो या बॅचमधला सगळ्यांत मोलाचा भाग वाटतो. ३० सेकंदांच्या वर एक सेकंद गेला की पुढची शिट्टी सोडायची. कठडा धरून थांबायचं, श्वास जागेवर आणायचा, मग पुन्हा सुटायचं. लागोपाठ दोनदा हुकलं, किंवा एकूण तीनदा हुकलं, की सेट संपला, तुम्ही सावकाश पोहत अंग मोकळं करायला लागा. सॅन डिएगो स्टेट विद्यापीठातल्या ब्रेंट रशॉल यांनी शर्यतीच्याच वेगाने थोडं थोडं पोहायची जी पद्धत मांडली, तिच्यातला हा नियम. अमेरिकेचा मायकेल अँड्र्यू, टोकियो ऑलिंपिकमध्ये ४ × १०० मेडले रिलेचं सुवर्ण जिंकणाऱ्या संघातला, याच पद्धतीवर वाढलेला. आमच्या तलावावर त्याचा अर्थ असा झाला की हुकणं ही माझ्या आणि माझ्याच आकड्यामधली गोष्ट झाली.

दुसऱ्या आठवड्यातली एक सकाळ लक्षात आहे. तेराव्या शिट्टीचा लॅप ३१ सेकंदांत गेला, म्हणून चौदावीला मी कठडा धरून थांबले होते. शेजारच्या लेनमध्ये ती आठवीतली मुलगी भिंत धरून उभी, तोंड लाल, डोळ्यांत पाणी. "काकू, तुमचंबी गेलं?" तिने विचारलं. म्हटलं, "एका सेकंदानं." ती म्हणाली, "माझंबी एकच." तिचा एक सेकंद आणि माझा एक सेकंद यांत कुणाचा मोठा हे मला अजूनही सांगता येणार नाही. पुढची शिट्टी झाली आणि आम्ही दोघी एकदम सुटलो. पूर्वीच्या तलावावर त्या मुलीशी माझं एक शब्द बोलणं झालं नसतं, कारण ती पुढच्या लेनमध्ये नि मी कडेच्या.

पहिल्या दिवशी माझे नऊ लॅप वेळेत झाले आणि तिसऱ्यांदा हुकून मी बाहेर. मार्चच्या शेवटच्या बुधवारी विसापैकी अठरा वेळेत.

वेग सारखा ठेवणं हे मात्र शिट्टीने येत नाही. माझी खोड अशी की पहिले पन्नास मीटर अंगात आल्यासारखे मारायचे आणि मग बुडत्यासारखं उरलेलं अंतर कापायचं. जानेवारीच्या चाचणीत माझ्या दोनशेचे चार तुकडे असे होते: ५४, ६६, ७१, ६९. सरांनी ते चार आकडे फळ्यावर लिहिले आणि शेजारी अमेरिकेच्या केटी लेडेकीचं १,५०० मीटरचं विश्वविक्रमी टायमिंग लिहिलं, २०१८ चं इंडियानापोलिसमधलं: १५ मिनिटं २०.४८ सेकंद. मग मलाच भागाकार करायला लावला. तीस पन्नासांत भागलं की दर पन्नासला ३०.७ सेकंद सरासरी येते. तीस वेळा. सर म्हणाले, "पहिल्या पन्नासला ती बाई यापेक्षा किती तरी जोरात जाऊ शकते की. पण जात नाही." मी त्या आकड्याकडे बघत राहिले. न जाणं हेही एक कसब आहे, हे मला त्या दिवशी पटलं.

त्यासाठी सरांनी दोन गोष्टी केल्या. एक, तळाला बरोबर मध्यावर, साडेबारा मीटरवर, लाल रबरी चकती टाकली. दोन, त्यांच्याकडचा फिनिस कंपनीचा टेम्पो ट्रेनर प्रो आळीपाळीने वापरायला दिला. हे टोपीखाली कानाजवळ खोचायचं छोटंसं यंत्र, ठरावीक वेळाने टीप वाजतं. सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत वेळ लावता येते, किंवा मिनिटाला किती हात मारायचे तो ठेकाही लावता येतो. माझ्यासाठी १५.०० सेकंद. पहिली टीप चकतीवर, दुसरी भिंतीवर. पहिल्यांदा लावलं तेव्हा चकती ओलांडून दोन मीटर पुढे गेल्यावर टीप वाजली. म्हणजे मी घाईत होते, आणि मला वाटत होतं मी अगदी आरामात चाललेय. शरीराला आतून जे वाटतं ते किती चुकीचं असू शकतं हे मला दुसऱ्या कशानेही कळलं नसतं. दोन आठवड्यांत टीप चकतीवर यायला लागली. स्वतःचं घ्यायला मात्र सांगणार नाही. बॅचला एक असलं तरी पुरतं, आणि एकदा चाल अंगात बसली की काढून टाकायचं असतं, नाहीतर टीप नसताना माणूस बावचळतो.

शनिवार वेगळा. शनिवारी १०० मीटरची शर्यत, पण सगळ्यात हळू माणूस सगळ्यात आधी सुटतो. मागच्या शनिवारच्या वेळांवरून सर अंतर काढतात. काकांचे शंभर ब्रेस्ट स्ट्रोक अडीच मिनिटांचे, माझे दोन मिनिटांचे, डॉक्टरांचे १ मिनिट ३४ चे, मुलीचे १ मिनिट ७ चे. काका सुटले की ३० सेकंदांनी मी, ५६ सेकंदांनी डॉक्टर, ८३ सेकंदांनी मुलगी. प्रत्येकाने आपला नेहमीचा वेळ राखला तर सगळ्यांचे हात भिंतीला एकदम लागले पाहिजेत.

पहिल्या शनिवारी मी काकांना गाठायच्या नादात पहिले पंचवीस २४ सेकंदांत मारले आणि तिसऱ्या लॅपला हात उचलेनात. डॉक्टर गेले, मुलगी गेली. काका शांतपणे आपल्या चालीने येऊन पहिले लागले. त्यांना आयुष्यात पहिल्यांदा शर्यत जिंकलेली बघून सगळ्या बॅचने पाण्यावर हात आपटले. पाचव्या शनिवारी मी काकांकडे बघितलंच नाही, चकतीकडे बघितलं. शेवटच्या पाच मीटरला उजवीकडे काका, डावीकडे डॉक्टरांचे हात, आणि मागून त्या मुलीच्या पायांचा आवाज. चौघेही अर्ध्या-पाऊण सेकंदाच्या आत. कोण पहिलं आलं ते सरांनाही सांगता आलं नाही. बासष्टचा माणूस, सत्तेचाळीसची बाई आणि चौदाची मुलगी एका भिंतीला एका वेळी पोचतात, हे मी त्याआधी कुठल्याच खेळात बघितलेलं नव्हतं.

भिंतीला हात लावण्यावरून सर फार कडक आहेत. शेवटचे दोन मीटर तरंगत यायचं नाही, हात पूर्ण मारूनच स्पर्श. त्यावर ते नेहमी आपल्या कोल्हापूरच्या वीरधवल खाडेचं उदाहरण देतात. २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत ५० मीटर फ्रीस्टाइलचं कांस्य त्याचं ०.०१ सेकंदाने गेलं. आमच्या गावात ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे आणि अजून दुखते. म्हणून कुणी ऐकायचं टाळत नाही.

आता खटकलेलं. पहिली गोष्ट घड्याळ. भिंतीवर एकच मोठं सेकंदकाट्याचं घड्याळ, तेही उथळ बाजूला. आम्ही २५ मारणारे दर दुसऱ्या लॅपला खोल बाजूला येऊन पोचणार, तिथून काटा दिसत नाही. शिट्टी ऐकून सुटता येतं, पण आपल्याला किती सेकंद लागले ते कळत नाही, आणि वेळ कळल्याशिवाय हा सेट म्हणजे नुसती दमछाक. तीन आठवडे आम्ही अंदाजाने पोहलो. शेवटी वर्गणी काढून दुसरं घड्याळ आणलं आणि खोल बाजूला टांगलं. हे पहिल्या दिवशीच बॅचकडून व्हायला हवं होतं. खोल बाजूची आणखी एक अडचण अशी की पाय टेकत नाहीत. तीस सेकंदांची विश्रांती कठड्याला लोंबकळून घ्यावी लागते आणि खांदे भरून येतात. लेनच्या टोकाला पाण्याखाली उभं राहायला पायरी असती तर बरं झालं असतं.

दुसरी गोष्ट गर्दी. एका लेनमध्ये पाचजण. पाच सेकंदांच्या अंतराने सुटलं की पुढच्याच्या पायांमागे पाणी आपोआप ओढून नेतं. माझे २९ सेकंद यायला लागले तेव्हा मी फार खूश झाले होते. सरांनी मला लेनमध्ये पहिलं सोडलं आणि आले ३१. दोन सेकंद पुढच्या माणसाचे होते. तेव्हापासून अंतर दहा सेकंदांचं केलं आणि दर आठवड्याला पुढे कोण ते बदललं. हे चांगलं झालं, पण एका लेनला चारच माणसं असावीत असं माझं ठाम मत आहे. मे महिन्यात मुलांचं सुट्टीचं शिबिर असतं, तेव्हा तीनच्या दोन लेन होणार आहेत म्हणे. तसं झालं तर हा सेट चालणार नाही. फी तेवढीच घेणार असतील तर ते मला पटणार नाही, आणि मी तसं बोलून दाखवलंय.

तिसरी गोष्ट त्या मुलीची. तिला तिच्या वेगाचं दुसरं कुणी नाही. शिट्टीचा सेट तिला उपयोगी पडतो, पण राज्य स्पर्धेत शेजारच्या लेनमध्ये कुणीतरी खांद्याला खांदा लावून येत असणार, त्याची सवय इथे होत नाही. शिवाय उथळ बाजूला पाणी कमी म्हणून तिथून डाइव्ह मारायला मनाई आहे, तेव्हा सगळे सेट भिंतीला ढकलून सुरू होतात. मला त्याने काही बिघडत नाही. तिचं बिघडतं. तिच्या वडिलांनी विचारलं तेव्हा मी हेच सांगितलं: आठवड्यातले दोन दिवस इथे ठेवा, बाकीचे दिवस स्पर्धेच्या मुलांबरोबर.

डॉक्टरांसाठी सरांनी जे केलं ते मला आवडलं. २५ मीटरच्या तलावात दर पंचवीसला भिंत ढकलायला मिळते, समुद्रात ती नसते. म्हणून त्यांच्या शेवटच्या चार शंभरांत भिंतीला शिवायचंच नाही, तळाची काळी रेघ संपते तिथूनच वळायचं आणि दर सहा हातांनी डोकं वर काढून समोर बघायचं. १ मिनिट ४८ चे लगेच १ मिनिट ५५ झाले. डॉक्टर खट्टू झाले, पण खरा वेग तोच होता आणि तो तयारीत असताना कळला. मालवणला चिवला बीचवर डिसेंबरात सागरी स्पर्धा होते, तिथे जायचं मीही मनात धरलंय, म्हणून एप्रिलपासून हाच भाग मला सुरू करून द्या असं मागितलंय.

ज्यांना अजून सलग शंभर मीटर न थांबता जमत नाहीत त्यांनी मात्र या बॅचला येऊ नये. आधी सावकाश पोहून श्वास बसवावा. आमच्यातल्या दोघांनी तिसऱ्या आठवड्यात सोडलं ते याच कारणाने, आणि चाचणीच्या दिवशीच सरांनी त्यांना तसं सांगायला हवं होतं.

मार्चच्या अखेरच्या सोमवारी दोनशेची चाचणी पुन्हा झाली. ४ मिनिटं ६ सेकंद. चार तुकडे: ५९, ६१, ६३, ६३. पहिल्या पन्नासला मी जानेवारीपेक्षा पाच सेकंद जास्त घेतले आणि एकूण चौदा सेकंद वाचवले. चार मिनिटं झाली नाहीत. सरांनी वहीत ४:०६ लिहिलं, खाली रेघ मारली आणि पुढच्या सोमवारसाठी माझा नवा सेट लिहिला: तुटक दोनशे. पन्नास मारायचे, दहा सेकंद थांबायचं, असे चार, आणि शेवटच्या वेळेतून थांबण्याचे तीस सेकंद वजा. वजा करून चारच्या आत आलं की मधली विश्रांती दहाची पाच करायची, मग काढूनच टाकायची. काकांनी वहीत डोकावून बघितलं आणि म्हणाले, "मॅडम, सहा सेकंद म्हंजे काय वो, पायऱ्या उतरायलाबी पुरत नाहीत." मग स्वतःचा आकडा विचारायला सरांकडे वळले.